तीन चादरी आणि एक टॉवेल

सात नंबरचा माग भंगारात गेला तेव्हा
त्याचा डावा पाय मी ठेवून घेतला.
भंगारवाला म्हणाला, बीड आहे, वजनात भरेल, कशाला ठेवता?
मला कारण सांगता आलं नाही.
एकोणीस वर्षं त्याचे नटबोल्ट मीच आवळले होते, एवढंच.

दोन वर्षं तो पाय मोरीजवळ उभा.
बहीण त्यावर बादली टेकवायची.

मग एका सकाळी श्रीलता टेप घेऊन त्याच्यापुढे उकिडवी.
"काय करलालीस गं?"
"स्टँड. मोटर उलटी बसवायची, तोंड आभाळाकडे.
ती खाली रेटणार, आपण मोजणार."
"रॉकेट उडवायचं असतं ना?"
"आधी बांधायचं असतं, मामा."

बिडाला भोक पाडायचं म्हणजे घाई चालत नाही.
घाई केली की तडकतं, आणि तडकलेलं बीड
कुठल्याच वेल्डरचं ऐकत नाही.
मी ड्रिल धरलं, तिने तेलाचा थेंब थेंब सोडला.
चार भोकांना अख्खी दुपार गेली,
पत्रा तापून वरून उतरत होता.

येमूलच्या दुकानातला मोडका काटा तिने उसवला.
आत बोटाएवढी ॲल्युमिनियमची पट्टी, चार बारीक तारा.
"वजन पडलं की ही वाकते.
डोळ्याला दिसत नाही, पण तारांना कळतं."
ताणलेला ताणा बोटाला कळतो, तसंच असणार.
मी मान हलवली.

आता पट्टीला खरं वजन शिकवायचं.
येमूल मापं देईना, गिऱ्हाइकाची वेळ.
घरात काय होतं? चादरी.
आमच्या कारखान्याची जाडी चादर, तेराशे ग्रॅम,
दहा ग्रॅम इकडेतिकडे, त्याची हमी माझी.
एक ठेवली, तिने आकडा लिहिला.
दुसरी. तिसरी. वर टॉवेल, तीनशेचा.
वहीत सरळ रेघ आली.

पण मोकळ्या पट्टीवर शून्य काही थांबेना.
स्क्रीनवर सारखी थरथर.
तिने तारा बदलल्या, डाग पुन्हा दिले, रात्र काढली.
मी पाहिलं आणि हसू आलं:
शेजारच्या बोल्लींचे आठ माग ते,
मिनिटाला एकशेवीस फेरे, भिंतीतून, फरशीतून,
माझ्या झोपेतून सुद्धा.
पट्टीला तेवढंच ऐकू येत होतं.

म्हणून कुंभारीपलीकडच्या माळावर गेलो, टेम्पोत पाय आडवा घालून.
खडकात बोल्ट ठोकले. गवतावर ओली चादर टाकली.
शून्य शून्यावर राहिलं.
इतकं सपाट मी कधी पाहिलं नव्हतं,
थोडी भीतीच वाटली.

तीस पावलं मागे, खडकाआड. बटण दाबलं.
काही नाही.
मी उठलो, तिने शर्ट धरून बसवलं.
"दहा मिनिटं. घड्याळ बघून."
दहा मिनिटं आम्ही टिटवीचं ओरडणं ऐकलं.
वायर सुटली होती.

दुसऱ्यांदा पेटली.
आवाज असा, की अख्खा तागा एका झटक्यात टर्रकन फाडावा.
पांढरा धूर सरळ वर गेला, मग अक्कलकोट रोडकडे कलला.
एक पूर्णांक सहा सेकंद.
बिडाचा पाय हलला नाही.
त्याला सवय होती.

तिने स्क्रीनवरचा डोंगर दाखवला, टोकाला बोट ठेवलं:
"एक्केचाळीस न्यूटन."
"चादरीत सांग."
तिने बोटांवर हिशेब केला. "तीन. आणि वर एक टॉवेल."
मग कुठे माझ्या हातांना कळलं,
त्या धुराने केवढं ओझं रेटलं ते.

घरी बहिणीने विचारलं, उडालं का?
नाही म्हटलं, उडू दिलं नाही.
तिने ओल्या चादरीचं जळकं टोक बघितलं,
आम्हा दोघांकडे बघितलं, आणि भाकऱ्या थापायला बसली.

जेवताना श्रीलता म्हणाली, पुढची मोटर मोठी आहे.
"मामा, घरात चादरी किती?"
मी हात धुतले, कपाट उघडलं.